लहरींच्या वाटेवर (लेखांक ८) : बुडत्याला रेडिओचा आधार

मोबाइलचा टॉवर एका वेळी ठरावीक जणांनाच सांभाळू शकतो, हे आपण गेल्या आठवड्यात पाहिलं. एरवी ते पुरतंही, कारण सगळे एकाच क्षणी फोन करत नाहीत. पण सगळ्यांनाच एकाच क्षणी फोन करावासा वाटतो, असेही दिवस येतात. आजचा लेख अशा दिवसांबद्दल आहे.

२८ एप्रिल २०२५. दुपारी साडेबाराच्या सुमारास स्पेन आणि पोर्तुगालमधली वीज एकदम गेली. रेल्वे जागच्या जागी थांबल्या, लिफ्ट अडकल्या, कार्ड चालेनात. पुढच्या काही तासांत मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्याही उतरत गेल्या आणि हातातला महागडा फोन नुसता टॉर्च म्हणून उरला. मग लोक दुकानोदुकानी सेलवर चालणारा रेडिओ शोधू लागले आणि बघता बघता दुकानांतले रेडिओ संपले. ज्यांना मिळाला नाही, ते गाडीची दारं सताड उघडून तिच्यातला रेडिओ मोठ्याने लावणाऱ्या कुणा भल्या माणसाभोवती घोळका करून उभे राहिले. हे सारं घरोघरी फायबरचं इंटरनेट पोचलेल्या देशात घडत होतं. योगायोग असा की, निदान बहात्तर तास स्वतःच्या जोरावर तग धरता येईल एवढी तयारी घरात ठेवा, असं युरोपीय संघाने नागरिकांना त्याच्या महिनाभर आधीच सांगितलं होतं.

आपल्याकडे रेडिओबद्दल लिहायला बसलं की लेखणी लगेच हळवी होते. १९५५ साली पुणे केंद्रावरून सुरू झालेलं गदिमा-बाबूजींचं ‘गीतरामायण’, बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर लागणारी अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’, सुधा नरवणे यांच्या आवाजातल्या बातम्या. हा ठेवा मोठाच आहे. पण आठवणींच्या बळावर कुठलंही तंत्र टिकत नाही. तारेच्या आठवणी काय कमी होत्या? तरी २०१३ च्या जुलैत तार बंद झाली, आणि कुणाचं फारसं अडलं नाही, कारण तारेचं काम फोन अधिक चांगलं करत होता. रेडिओचं काम मात्र दुसरं कुणी अधिक चांगलं करतं का, हे तपासल्याशिवाय त्याला निरोप देता येणार नाही. माझ्या मते, कुणीच करत नाही.

फोनवर तुम्ही क्रिकेटचं समालोचन ऐकता तेव्हा ते तुमच्या एकट्यासाठी पाठवलं जातं. शेजारी तेच ऐकत असेल तर त्याच्यासाठी वेगळी प्रत निघते. लाख श्रोते म्हणजे लाख प्रती, आणि प्रत्येक प्रतीचा भार सर्व्हरवर, केबलवर, टॉवरवर. रेडिओचा प्रक्षेपक एकदाच बोलतो. त्याच्या टापूत दहा जण ऐकोत की दहा लाख, त्याला एका वॅटचाही फरक पडत नाही. लग्नाच्या पंगतीत वाढपी कमी पडतात तशी वेळ रेडिओवर येत नाही. इथे वाढायचंच नसतं, ज्याने त्याने आपलं पान घेऊन बसायचं. शिवाय हजारो टॉवर जपण्यापेक्षा एक प्रक्षेपक, एक जनरेटर आणि डिझेलची टाकी जपणं कितीतरी सोपं.

सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया नावाचं चक्रीवादळ पोर्तो रिको बेटावरून गेलं तेव्हा तिथले सुमारे ९५ टक्के मोबाइल टॉवर बंद पडले आणि अख्ख्या बेटाची वीज गेली. त्या काळात ‘वापा’ नावाचं एक रेडिओ केंद्र ६८० किलोहर्ट्झवर बोलत राहिलं. लोक गाड्या काढून थेट केंद्रावर येत आणि ‘आम्ही सुखरूप आहोत’ असे निरोप नातेवाइकांसाठी हवेत सोडायला लावत. सरकारी माणसंही तिथेच येऊन बोलत. पत्रकार, टपालखातं आणि तहसील कचेरी अशी तिन्ही कामं काही दिवस त्या एका केंद्राने केली.

एवढं लांब जायलाही नको. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळलं. विजेचे खांब आडवे झाले, मोबाइलची रेंज गेली, आणि किनाऱ्यावरच्या कित्येक गावांतली माणसं जिवंत आहेत की नाहीत हे मुंबई-पुण्यातल्या मुलांना कितीतरी वेळ कळेना. पुढच्याच वर्षी २२ जुलैला चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हा पुन्हा तेच. पाणी कुठवर चढलंय, धरणातून किती सोडणार, बोट कुठे येणार, हे छपरावर बसलेल्या माणसाला सांगायचं कसं? बोलणं एकतर्फी असलं तरी चाललं असतं. त्या घडीला त्याला उत्तर द्यायचं नव्हतं, ऐकायचं होतं.

आता कोकणाचाच दाखला घेऊन थोडं विज्ञान. आकाशवाणीचं पुणे केंद्र मध्यम लहरींवर ७९२ किलोहर्ट्झला लागतं. प्रकाशाच्या वेगाला या आकड्याने भागलं की लहरीची लांबी येते सुमारे ३७९ मीटर. एफएमची लहर असते जेमतेम तीन मीटरची. तीन मीटरची लहर सरळ रेषेत जाते, डोंगर आडवा आला की त्याच्या सावलीत काही पोचत नाही. पावणेचारशे मीटरची लहर जमिनीला धरून, वळसे घेत पुढे सरकते. जमीन जितकी चांगली विद्युतवाहक तितकी ती दूर जाते, आणि खाऱ्या पाण्याइतकी चांगली ‘जमीन’ दुसरी नाही. रत्नागिरीचं केंद्र १९७७ साली मध्यम लहरींवर सुरू झालं. खाड्या, घाटमाथे आणि समुद्रावरच्या होड्या एवढा पसारा ज्याच्या वाट्याला आला, त्या केंद्राला याहून योग्य लहर नव्हती. वाऱ्याचा इशारा खोल पाण्यातल्या तांडेलापर्यंत पोचवायचा तर मोबाइलची रेंज किनारा सोडला की लवकरच संपते.

रात्री आणखी एक चमत्कार होतो. दिवसा सूर्यामुळे वातावरणात साठ-सत्तर किलोमीटरच्या वर एक विद्युतभारित थर तयार होतो आणि तो मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो विरतो, लहरी आणखी वरच्या थरांवर आपटून परततात आणि शेकडो किलोमीटर लांबचं केंद्र अचानक लागतं. आवाज जवळ येतो, दूर जातो, मध्येच दुसरी भाषा घुसते. जुन्या श्रोत्यांना हे सांगायला नको.

रेडिओ ऐकायला किती कमी लागतं, हे मुलांना दाखवायचं असेल तर एखाद्या रविवारी त्यांना घेऊन क्रिस्टल सेट बांधा. फेराइटची कांडी, तिच्यावर इनॅमलच्या तांब्याच्या तारेचे साठ-सत्तर वेढे, एक गँग कंडेन्सर, एक डायोड. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चौकशी करा. डायोड जर्मेनियमचाच हवा असं ठणकावून सांगा. सिलिकॉनच्या डायोडला जागं व्हायलाच अर्ध्या व्होल्टच्या वर लागतं आणि आपल्या तारेत येणारा विद्युतदाब त्याच्या कितीतरी खाली असतो. गच्चीवर दहा-पंधरा मीटर तार ताणायची, दुसरी तार जमिनीत ठोकलेल्या लोखंडी सळईला जोडायची. (पूर्वी नळाच्या पाइपला जोडत, आता नळच प्लास्टिकचे झाले.) कानाला क्रिस्टल इअरफोन लावायचा, मोबाइलचा चालत नाही. मग कंडेन्सर अगदी सावकाश फिरवायचा. केंद्र फार लांब नसेल तर बारीक पण स्पष्ट आवाज येतो. सेल नाही, चार्जर नाही. प्रक्षेपकाने हवेत सोडलेल्या ऊर्जेवरच इअरफोनचा पडदा हलतो. विजा कडाडत असतील तेव्हा मात्र हा खेळ नको.

बाजारातला साधा ट्रान्झिस्टरसुद्धा हळू आवाजात वीस-तीस मिलिअँपिअरवर भागवतो. दोन चांगले पेन्सिल सेल त्याला सहज साठ-सत्तर तास पुरतात. रोज दोन तास बातम्या ऐकल्या तर महिना निघाला.

मग सगळं जग मध्यम लहरी का सोडतंय? कारणं खरी आहेत. या पद्धतीत प्रक्षेपकाची दोन तृतीयांश किंवा त्याहूनही जास्त शक्ती नुसत्या वाहक लहरीवर जाते, आवाज उरलेल्यात. विजेचं बिल जबर, मनोऱ्याला जागा भरपूर, सुटे भाग मिळत नाहीत. वर श्रोत्याच्या घरातही शत्रू आहेत. स्वस्त एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर ही मंडळी याच पट्ट्यात खरखर ओकतात. विजेवर चालणाऱ्या मोटारींची तीच तक्रार, म्हणून काही कंपन्यांनी गाडीतला एएम पट्टाच काढायला घेतला. २०२३ साली फोर्डने अमेरिकेत तसं ठरवलं होतं; पण संकटकाळाचे इशारे याच पट्ट्यावरून जातात म्हणून इतकी ओरड झाली की कंपनीला निर्णय फिरवावा लागला. आपल्याकडे आकाशवाणीने तीसहून अधिक मध्यम लहरी प्रक्षेपकांवर डिजिटल पद्धत बसवली. आवाज स्वच्छ, वीज कमी. पण ती ऐकू येईल असा स्वस्त संच किराणा दुकानाशेजारच्या दुकानात मिळत नाही. काही नव्या मोटारींत आहे, म्हणजे ज्याला पुराचा धोका सगळ्यात कमी त्याच्यापाशी. एकीकडे हे, दुसरीकडे जुने प्रक्षेपक बंद करून त्यांच्या जागी एफएम. शहरात ते ठीकच आहे. डोंगराळ तालुक्यांत मात्र यात बचतीपेक्षा घाटा जास्त, असं मला वाटतं.

रेडिओचा आणखी एक गुण आहे, त्याच्याकडे सहसा लक्ष जात नाही. १९४२ च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला, ४२.३४ मीटरवर. पोलिसांच्या गाड्या लहर कुठून येते याचा माग काढत फिरत, आणि ही मंडळी जागा बदलत राहत. १२ नोव्हेंबरला गिरगावात धाड पडली, उषाबेन पकडल्या गेल्या. या हकिकतीतली तांत्रिक गोष्ट अशी: पकडता आला तो बोलणारा. ऐकणारे शेकडो की हजारो, कुठल्या चाळीत, कुठल्या खोलीत, हे सरकारला लहरींवरून कळायची सोयच नव्हती. इंटरनेटवर नेमकं उलटं आहे. तुम्ही काय ऐकलं, किती वाजता, कुठे थांबवलं, याची नोंद कुणाच्या तरी दफ्तरात होते. मार्च २०२२ मध्ये, युक्रेनच्या युद्धाला तोंड फुटल्यावर, बीबीसीने युक्रेन आणि रशियाच्या काही भागांसाठी लघुलहरींवर रोज चार तासांच्या बातम्या नव्याने सुरू केल्या त्या उगाच नव्हेत. वेबसाइट अडवता येते, टॉवर पाडता येतो. परदेशातून येणारी लहर जास्तीत जास्त गोंगाटाने बुजवता येते, आणि तेही खर्चिक काम आहे.

म्हणूनच फोनवरच्या अॅपला रेडिओ म्हणणं मला पटत नाही. कार्यक्रम तेच असतील, निवेदक तोच असेल. पण टॉवर पडला की तोही गप्प होतो. कित्येक फोनच्या चिपमध्ये एफएम ग्रहण करायची सोय मुळातच असते, कंपन्या ती बंद ठेवून विकतात. ती चालू ठेवा, असं केंद्र सरकारने २०२३ मध्ये फोन कंपन्यांना सांगितलं. ती सोय चालायला वायरवाला हेडफोन लागतो, कारण त्याची वायर हाच अँटेना. आणि त्याचं भोक तर नव्या फोनमधून गायबच झालंय.

आणि एक गाठ कायद्याची. हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितलं. २००१ पासून खासगी एफएम आली, पुढे सामुदायिक रेडिओ आला. म्हसवडच्या माणदेशी तरंगसारखी केंद्रं आपल्या तालुक्याच्या बोलीत बोलू लागली. पण यातल्या कुणालाही स्वतः मिळवलेली बातमी देता येत नाही. आकाशवाणीच्या बातम्या पुढे ढकलायच्या, वाहतूक-हवामान-आपत्तीच्या सूचना द्यायच्या, बस्स. टीव्हीवर शेकडो वृत्तवाहिन्या चोवीस तास ओरडू शकतात आणि म्हसवडच्या बाईला आपल्या गावचा टँकर का आला नाही याची बातमी करता येत नाही. या नियमाचं समर्थन करणारा एकही पटेल असा युक्तिवाद मी अजून ऐकलेला नाही.

तेव्हा वाचकांना एवढंच सांगणं. घरात एक सेलवर चालणारा रेडिओ ठेवा. घेताना फक्त एफएमचा घेऊ नका, त्यावर ‘एमडब्ल्यू’ असा पट्टा आहे ना ते पाहा. सेल संचात घालून ठेवू नका, चिकटून गळतात. शेजारी वेगळे ठेवा. जवळच्या केंद्राचा आकडा शोधून कालनिर्णयच्या पाठीमागे लिहून ठेवा, आणि पावसाळा सुरू व्हायच्या आत एकदा संध्याकाळी घरातले एलईडी बंद करून तो खरोखर लागतो का ते बघा. लागत नसेल तर आकाशवाणीच्या त्या केंद्राला पत्र टाका. पुढच्या आठवड्यात : हॅम रेडिओ, आणि वादळात निरोप पोचवणारे हौशी लोक.