माकडताप : रक्त दिसण्याआधीचे नुकसान

"डॉक्टर, नाकातोंडातून रक्त आले नाही, मग हा माकडताप कसा?" असे मला पुष्कळदा विचारले जाते. रक्तस्रावी ताप म्हटले की रक्त दिसलेच पाहिजे, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात रक्तस्राव काही रुग्णांतच होतो.

१९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे मरून पडू लागली आणि भोवतालच्या गावांत तापाची साथ आली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी तिचा विषाणू शोधला. तो गोचिडीच्या चाव्यातून शरीरात शिरतो. २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यातही या तापाची साथ आली होती.

हा विषाणू शरीरात नेमके काय करतो, हे प्रयोगशाळेतील प्राण्यांवरून बरेचसे समजले. उंदराच्या पिलांना तो टोचला की मुख्य घाव मेंदूवर बसतो. चेतापेशी मरतात आणि पिले दगावतात. लाल तोंडाच्या माकडांत चित्र वेगळे दिसते. त्यांच्या आतड्यांत आणि लसिका ग्रंथींत विषाणू सापडतो व तेथील ऊतींची हानी होते. लसिका ग्रंथी म्हणजे शरीराच्या पहारेकऱ्यांच्या चौक्या. त्याच ढासळल्या तर रोगाशी लढायचे कोणी?

माणसात दोन्हींच्या खुणा आढळतात. आधी अचानक ताप, डोकेदुखी, तीव्र अंगदुखी, उलट्या, जुलाब. रक्तातील पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी होतात. काहींना ताप उतरून एक-दोन आठवड्यांनी पुन्हा येतो आणि मान ताठरणे, कंप, भ्रम अशी मेंदूची लक्षणे दिसतात. म्हणून ताप उतरला तरी रुग्णावर लक्ष ठेवावे.

या विषाणूवर खास औषध नाही. शरीरातील पाणी टिकवणे आणि रक्तस्रावावर वेळीच उपचार करणे यावरच सारी भिस्त असते. तेव्हा माझे सांगणे एवढेच : डिसेंबर ते मे या काळात काजूच्या बागेत किंवा रानात जाऊन आल्यावर ताप आला, तर रक्ताची वाट पाहू नका. डॉक्टरांना रानात गेल्याचे आवर्जून सांगा. ॲस्पिरिनसारखी वेदनाशामके मनाने घेऊ नका. त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. रानात अंगभर कपडे घाला, परतल्यावर गरम पाण्याने आंघोळ करा. मेलेले माकड दिसल्यास हात न लावता प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा.