देवरीत फळबाग लावायची? आधी कागद, मग पाणी, मग कलम

नागपूर-रायपूर रस्त्यावरील देवरी हे तालुक्याचे गाव १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यात मोडते. पूर्वीचा ६ क्रमांकाचा आणि आताचा ५३ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग येथूनच जातो. नागपूर आणि रायपूर या दोन्ही बाजारपेठा सुमारे दीडशे किलोमीटरच्या टप्प्यात आहेत. सकाळी तोडलेला माल संध्याकाळच्या आत दोहोंपैकी कोठेही पोचतो. एवढे पाहून दुकानाची, गॅरेजची किंवा लाकूडकामाची शिल्लक बागेत घालावी असा विचार आपल्या व्यापारी बांधवांच्या मनात येणे साहजिक आहे. विचार चांगला आहे. मात्र बाग ही दुकानासारखी महिन्याभरात उघडत नाही. लागवडीच्या आधीचे एक पूर्ण वर्ष तयारीला द्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

महाराष्ट्रात फळांचा व्यापार करणाऱ्या आपल्या बिरादरीचे नावच बागवान. म्हणजे बाग राखणारा. आज त्यातले बहुतेक जण बाग राखत नाहीत, बहर विकत घेतात आणि माल मंडीत उतरवतात. त्यामुळे फळाची प्रत, पेटी, आढत आणि भाव त्यांना शेतकऱ्यापेक्षा जास्त कळतात. कळत नाही ती जमीन, आणि पैसे बुडतात ते तेथेच.

पहिला प्रश्न सातबाऱ्याचा. विदर्भाच्या १९५८ च्या कुळवहिवाट कायद्यानुसार शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. आपल्यापैकी अनेकांच्या आजोबांची दोन-चार एकर जमीन कोठल्यातरी गावी असते, पण वारसाची नोंद झालेलीच नसते. महाराष्ट्रातील अशा जमिनीच्या सातबाऱ्यावर आपले नाव चढले की शेतकरी असल्याचा पुरावा हाती येतो. म्हणून इसार देण्याआधी तलाठ्याकडे जाऊन वारसा फेरफार उरकून घ्यावा, आणि तो करताना बहिणींची नावे गाळू नयेत. हक्कदाराचा वाटा दाबून लावलेल्या बागेत बरकत कसली?

दुसरे, देवरी हा आदिवासी वस्तीचा तालुका आहे. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय गावातच आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या ३६ अ कलमाप्रमाणे आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर आदिवासीच्या नावे होत नाही. स्वस्तात मिळते म्हणून साध्या कागदावर किंवा दुसऱ्याच्या नावाने असा व्यवहार करणारा पैसेही घालवतो आणि गरिबाची जमीन हिरावल्याचा गुन्हाही पदरी घेतो. दलाल काहीही सांगो, या वाटेला जाऊ नये.

तिसरे, सातबाऱ्यावर ‘झुडपी जंगल’ असा शेरा आहे का ते पाहावे. पूर्व विदर्भातील अशा जमिनी वनजमिनीच आहेत असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दिला आहे. जमीन भोगवटादार वर्ग २ ची असेल तर तिलाही वरची परवानगी लागते. पन्नास वर्षांचे फेरफार वकिलाकडून तपासून घेण्याचा खर्च फार नाही. तो वाचवू नये.

कागद स्वच्छ निघाले की माती. हा धानाचा मुलूख. बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. धानाच्या बांधीत पाणी साचते आणि साचावे म्हणूनच ती केलेली असते. आंबा, लिंबू, पपई यांच्या मुळांना तेच पाणी मारते. म्हणून बांधीची सपाट, महाग जमीन बागेसाठी शोधू नये. गावकरी जिला बर्डी म्हणतात ती उंचावरची, लालसर, मुरमाड जमीन धानाला हलकी म्हणून कमी भावात मिळते. पाण्याचा निचरा होत असल्याने आंबा, सीताफळ आणि आवळ्याला ती चालते. दोन-तीन ठिकाणी मीटरभर खोल खड्डा घेऊन खाली सलग कातळ लागत नाही ना हे डोळ्यांनी पाहावे. माती गोंदियाजवळच्या हिवरा येथील कृषी विज्ञान केंद्रात दाखवावी. नागपूरच्या नावाला भुलून येथे संत्रा लावण्याचा मोह अनेकांना होईल, पण संत्र्याचा मुलूख पश्चिमेकडे, काटोल-वरूडचा आहे.

पाण्याचा हिशेब मे महिन्यात करावा. पावसाळ्यात भरलेली विहीर कोणीही दाखवतो. मालगुजारी तलावाचे पाणी धानासाठी असते, उन्हाळ्यात त्यावर विसंबू नये. पहिली दोन-तीन वर्षे प्रत्येक कलमाला उन्हाळ्यात तीन-चार दिवसांआड दहा-पंधरा लिटर पाणी लागतेच. एकराला चाळीस झाडे धरली तर एका पाळीला सहाशे लिटर. ठिबक असेल तर एवढे पाणी लहान विहिरीलाही झेपते.

पाण्याइतकाच कुंपणाचा खर्च धरावा. नवेगाव-नागझिऱ्याचे जंगल जवळ असल्याने रानडुक्कर, चितळ आणि माकडे येणारच. राखणदार आणि त्याची झोपडी हे बागेचे पहिले बांधकाम समजावे.

झाडांबद्दल थोडक्यात. दहा मीटर अंतराने आंब्याची एकरी चाळीस कलमे बसतात. पाच मीटरने एकशे साठ बसतात, पण मग दरवर्षी छाटणी करावीच लागते. केशर घ्यावा. दशहरी आणि लंगडा एक वर्षाआड धरतात हे व्यापाऱ्यांना ठाऊकच आहे. कागदी लिंबू सहा मीटरवर एकरी एकशे दहा, मात्र दमट हवेत त्यावर खैऱ्या रोग फार पडतो. कलमे सरकारी किंवा विद्यापीठाच्या रोपवाटिकेतून पावतीसह घ्यावीत. रस्त्यावरच्या गाडीवरचे ‘केशर’ पाच वर्षांनी काय निघेल ते अल्लाहच जाणे.

आता भांडवल. पेरू तिसऱ्या वर्षी, लिंबू चौथ्या वर्षी फळ देते. आंबा पाचव्या वर्षी तोंड दाखवतो आणि घर चालवण्याइतका सात-आठ वर्षांनी येतो. तोवर ओळींच्या मध्ये मूग, उडीद, हरभरा घेता येतो, पण त्यावर राखणदाराचा पगार निघाला तरी पुष्कळ. म्हणून दुकानाचे खेळते भांडवल बागेत घालू नये. जी रक्कम पाच वर्षे परत मागणार नाही तेवढीच घालावी. राज्य सरकारने १९९० मध्ये फळबागेला रोजगार हमीची जोड दिली आणि २०१८ मध्ये भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना आणली. तिचे अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असे मिळते आणि झाडे जगली तरच पुढचा हप्ता निघतो. यंदा काय चालू आहे ते तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे विचारावे.

ज्यांना जमीन घेणे शक्य नाही त्यांच्यासाठी भागीदारीची वाट आहे. झाडे एकाची, मशागत दुसऱ्याची आणि उत्पन्नात ठरलेला वाटा, याला फिकहमध्ये मुसाकात म्हणतात. खैबरच्या बागा याच पद्धतीने निम्म्या उत्पन्नावर दिल्या गेल्या होत्या. करार लेखी असावा, आणि कुळाचा हक्क कोणावर लागू होईल ते वकिलाला विचारून मगच सही करावी. बहर घेणाऱ्यांनाही आठवण द्यावीशी वाटते की नुसत्या मोहोरावर सौदा करण्यास हदीसमध्ये मनाई आहे. एप्रिलच्या एका वादळात निम्मी कैरी जमिनीवर येते हे पाहिलेल्याला तिचे कारण समजावून सांगावे लागत नाही.

हिशेबाच्या वहीत उश्रचे पान आधीच घालून ठेवावे. पावसावरच्या पिकाचा दहावा भाग, विहिरीच्या पाण्यावरच्या पिकाचा विसावा.

पुढच्या पावसाळ्यात लागवड करायची असेल तर जमीन या पावसाळ्यातच, उभ्या पावसात जाऊन पाहावी. पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशीही पाणी साचलेले दिसले तर ती सोडून द्यावी. हिवाळ्यात कागद आणि कुंपण, मार्चमध्ये विहिरीची पातळी, एप्रिलमध्ये मीटर-मीटरचे खड्डे. ते मेच्या उन्हात तापू द्यावेत आणि पावसाआधी वरची माती, कुजलेले शेणखत, सुपर फॉस्फेट व निंबोळी पेंड घालून भरावेत. या मुरमात वाळवी फार, तेव्हा कच्चे शेण अजिबात घालू नये. कलमाचा जोड मातीच्या वर राहील असे लावावे आणि जोडाखालून फुटणारा प्रत्येक कोंब काढून टाकावा. तो कोंब गावठी आंब्याचा असतो आणि कलमापेक्षा जोराने वाढतो.