रांग नको, राइड हवी!

घरात स्पेशल चाइल्ड असलं की पार्कातला दिवस कसा जातो? मुलाला राइडची भीती वाटत असेल, असं लोक धरून चालतात. खरी अडचण भलतीकडेच असते...

वॉटर पार्कचा प्लॅन कसा ठरतो? शुक्रवारी दुपारी, कँटीनच्या चहावर. कुणीतरी म्हणतं, 'संडेला काय?' एकाची गाडी असते, दुसऱ्याकडे डिस्काउंट कूपन असतं आणि रविवारी सकाळी दहा जण टॉवेल घेऊन हजर! फार तर कुणीतरी बर्म्युडा विसरतो. बास, एवढंच टेन्शन.

आमच्या घरी मात्र पिकनिक म्हणजे बारावीची परीक्षा. आठवडाभर आधीपासून तयारी. किती वाजता निघायचं, आधी काय बघायचं, डबा कधी खायचा, घरी कधी यायचं... या सगळ्याची चित्रं काढून आई फ्रिजवर लावायची. हे सगळं माझ्या धाकट्या भावासाठी, गोलूसाठी. गोलूला ऑटिझम आहे. मराठीत स्वमग्नता म्हणतात. तो मोजकंच बोलतो. पुढे काय होणार हे ठाऊक असलं की स्वारी खूश. ते अचानक बदललं की त्याचा तोल जातो. आवाज, गर्दी, अंगावर उडणारं पाणी आपल्याला जेवढं जाणवतं, त्याच्या कितीतरी पट त्याला जाणवतं. (ऑटिझम असलेलं प्रत्येक मूल वेगळं, हेही सांगून टाकते. कुणाला पाणी जिवापाड आवडतं. आमच्या हीरोला नाही!)

दहा फेरे, मोजून

आम्ही कोराडीचे. नागपूरहून सावनेरकडे निघालात की उंचच उंच चिमण्या दिसतात ना, तेच आमचं गाव. वीज केंद्राचा पहिला संच 1974 मध्ये सुरू झाला. बाबांची नोकरी तिथलीच आणि आमचं बालपण कॉलनीतलं. आवाज सहन न होणारा मुलगा पॉवर हाऊसजवळ कसा राहिला, असं लोक हमखास विचारतात. सोप्पं आहे! प्लांटची घरघर चोवीस तास एकसारखी. गोलूसाठी ती पंख्याच्या आवाजासारखी. पण वरातीचा डीजे गल्लीच्या तोंडाशी आला की हा पलंगाखाली. त्याला मोठा आवाज तितका छळत नाही, जितका न सांगता आलेला आवाज छळतो.

गोलूचं पहिलं 'थीम पार्क' म्हणजे जगदंबेच्या देवळाची नवरात्रातली जत्रा. संध्याकाळी तिथे पाय ठेवायला जागा नसते. म्हणून आई आम्हाला टळटळीत दुपारी न्यायची. पाळणेवाले तेव्हा जेवून नुकतेच उठत असायचे. चार डब्यांचा, हाताने फिरवायचा छोटा पाळणा. आईने पाळणेवाल्याला सांगितलं, "भाऊ, फेरे मोठ्यानं मोजाल का? किती झाले ते समजलं की तो घाबरत नाही." त्या माणसाने एक शब्दही उलट न विचारता खणखणीत आवाजात दहा फेरे मोजले. अकराव्याला पाळणा थांबला आणि गोलू स्वतःहून उतरला. पुढच्या वर्षी तोच पाळणेवाला आम्हाला लांबूनच बघून ओरडला, "या, दहावाले या!"

दुसरी हिट जागा म्हणजे सेमिनरी हिल्सची वनबाला. नागपूरकरांना ही टॉय ट्रेन वेगळी सांगायला नको. एकच रूळ, ठरलेलं वळण आणि जिथून निघाली तिथेच परत. गोलूच्या दृष्टीने परफेक्ट राइड. वेग नाही, थ्रिल नाही, पण सुरुवात आणि शेवट अगदी पक्का. माझ्या वयाच्या मुली 'किती स्लो आहे यार' म्हणून नाकं मुरडायच्या. मी मात्र खिडकीत नाक लावून बसलेल्या भावाकडे बघत बसायचे.

गेटबाहेरचा चौथा

मग आलं मोठं पार्क. मी तेरा वर्षांची, गोलू सहाचा. मे महिना, पारा 45च्या आसपास आणि शाळेतल्या सगळ्या मुली शहरालगतच्या एका पार्कात जाऊन आलेल्या. मी हट्टच धरला. आईने नेहमीप्रमाणे फ्रिजवर चित्रं लावली. पार्क, पाणी, डबा, घर.

त्या चित्रांत रांग नव्हती.

एका लहानशा ट्रेनसाठी पाऊण तास उभं राहायचं होतं. वर पत्रा, खाली तापलेली फरशी आणि बाजूला स्पीकरची भिंत. वीस मिनिटं गोलूने खूप प्रयत्न केला. कान दाबले, आईच्या ओढणीत तोंड लपवलं. मग तो खाली बसला आणि किंचाळायला लागला. मागून आवाज आला, "काहून एवढा ओरडते हा?" दुसरीकडून निकाल, "लाडानं बिघडवून ठेवलं पोट्ट्याले." बाबांनी गेटवरच्या माणसाला विचारलं, ह्याला बाजूला बसवून आमचा नंबर आला की बोलावता येईल का? उत्तर मिळालं, "सगळ्यांना सारखाच नियम आहे साहेब."

बाबा म्हणाले, "तुम्ही दोघी जा. मी थांबतो याच्यासोबत बाहेर."

इथून आमच्या घरात एक पद्धतच पडली. कुठेही गेलं की दोघं आत आणि एक जण गोलूसोबत बाहेर. नाहीतर दोघं दोघं, आळीपाळीने. जुने अल्बम काढले की हे लगेच लक्षात येतं. जत्रा सोडली तर सहलीच्या फोटोंत आम्ही चौघं एकत्र नाहीच. आई असते तिथे बाबा नाहीत, मी असते तिथे गोलू नाही. घरात एक स्पेशल मूल असलं की तिकीट चौघांचं निघतं, पण दिवस चौघांचा होत नाही. बहीण-भावांच्या वाट्याला यातलं काय येतं, हे तर कुणी विचारतच नाही. तेव्हा मला राइडमध्ये बसून खूप मजा यायची आणि ती मजा येते याचंच वाईट वाटायचं.

रांग, आवाज आणि नजरा

आज मागे वळून हिशेब मांडला की एक गोष्ट स्पष्ट दिसते. आम्हाला कुठल्याच राइडने हाकललं नाही. हाकललं ते तीन गोष्टींनी. कधी संपेल ते न कळणारी रांग, कान फोडणारा आवाज आणि आजूबाजूच्या नजरा. यातल्या एकीवरही करोडो रुपये खर्च करावे लागत नाहीत!

फ्लोरिडा आणि कॅलिफोर्नियातल्या डिस्ने पार्कांनी ऑक्टोबर 2013 मध्ये यावर एक युक्ती काढली. 'डिसॅबिलिटी अॅक्सेस सर्व्हिस' असं तिचं नाव. ज्याला रांगेत उभं राहणं जमत नाही, त्याला परत यायची वेळ दिली जाते. समजा रांग 40 मिनिटांची आहे, तर 40 मिनिटांनी या. तोवर सावलीत बसा, आइस्क्रीम खा. म्हणजे वाट बघणं टळत नाही, फक्त वाट बघायची जागा बदलते. 2024 मध्ये डिस्नेने याचे नियम कडक केले आणि ही सोय मुख्यतः ऑटिझमसारख्या विकासात्मक अपंगत्वापुरती ठेवली. त्यावर तिकडे बराच वादही झाला.

त्याही पुढची गोष्ट टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोची. गॉर्डन हार्टमन हे घरं बांधणारे व्यावसायिक. एका सुट्टीत त्यांची स्पेशल मुलगी मॉर्गन हॉटेलच्या स्विमिंग पूलमध्ये इतर मुलांशी खेळायला गेली आणि ती मुलं पाण्यातून निघून गेली. बापाच्या डोक्यातून ते जाईना. 2010 मध्ये त्यांनी 'मॉर्गन्स वंडरलँड' हे पार्क उघडलं. अपंग व्यक्तींना तिथे तिकीटच नाही. पाळण्यावर व्हीलचेअरसकट चढता येतं. 2017 मध्ये शेजारी वॉटर पार्क आलं, तिथे पाण्यात न्यायला हवेच्या दाबावर चालणाऱ्या व्हीलचेअर आहेत. आणि मुख्य म्हणजे बाकीची मुलंही तिथे तितक्याच हौसेने येतात.

आपल्याकडे? कायदा आहे. 1995च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, 2016च्या नव्या कायद्यात ते 21 झाले आणि ऑटिझमचा त्यात समावेश झाला. याच कायद्याचं कलम 29 संस्कृती आणि मनोरंजनाबद्दल आहे. म्हणजे शाळा-नोकरीसारखाच मौजमजेतही बरोबरीचा वाटा. नोव्हेंबर 2024 मध्ये तर सुप्रीम कोर्टाने केंद्र सरकारला सांगितलं, की सुगम्यतेचे नियम नुसते सल्ल्यासारखे नकोत, बंधनकारक करा.

नागपूरपुरतं बोलायचं तर जानेवारी 2023 मध्ये नितीन गडकरी यांनी पारडी भागात 'अनुभूती' नावाच्या समावेशक पार्कची घोषणा केली. सुमारे 90 हजार चौरस फूट जागा, स्पर्श आणि गंधाची बाग, जलोपचार असं बरंच काही त्या आराखड्यात होतं. मला त्यातली एकच ओळ भिडली. मानसिक अपंगत्व असलेली मुलं आणि त्यांच्या आया यांच्यासाठी स्वतंत्र खोली! गेटबाहेर कोण बसतं, हे कुणाला तरी ठाऊक होतं म्हणायचं.

बसमध्ये चौघं

आता मी पुण्यात आयटीत आहे. बाबा रिटायर झाले, आईचे गुडघे कुरकुरतात आणि गोलू चोवीस वर्षांचा, बाबांपेक्षा उंच गडी झालाय. सहा वर्षांचा गोलू जमिनीवर बसला की बाबा त्याला उचलून न्यायचे. आज तो बसला तर आम्ही तिघं मिळूनही उचलू शकत नाही. त्यामुळे 'बघू, जमेल तसं' हा ऑप्शनच आमच्याकडे उरलेला नाही. पुढेमागे त्याला घेऊन मी एकटीच बाहेर पडणार आहे. तेव्हा समोरच्याची दया कामाला येणार नाही, नीट सोय असली तरच निभावेल.

गेल्या हिवाळ्यात सुट्टी काढून घरी गेले आणि आम्ही गोरेवाड्याला जायचं ठरवलं. गोरेवाड्याचं प्राणी उद्यान 26 जानेवारी 2021 रोजी सुरू झालं. वाघ, बिबट्या, अस्वल आणि तृणभक्षी प्राणी अशी सफारी आणि ती बसमधून. आम्ही मुद्दाम आठवड्याच्या मधला वार निवडला, सकाळची वेळ गाठली. फ्रिजवर चित्रं लावली आणि या वेळी रांगेचंही चित्र काढलं. गोलूच्या कानांवर आवाज अडवणारे हेडफोन.

बस का जमली, हे नंतर कळलं. प्रत्येकाची सीट ठरलेली, कुणी अंगावर येत नाही, काचेमुळे आवाज कमी आणि बस जिथून निघते तिथेच परत येते. वनबालाच की ही! प्राण्यांपेक्षा गोलूला आवडली ती प्रत्येक भागाची मोठाली गेटं. एक उघडणार, बस आत जाणार, ते बंद होणार, मग दुसरं उघडणार. गेट बंद झालं की तो "झालं" म्हणायचा. वाघ लांब झुडपात झोपला होता. सगळी बस त्याला बघायला एका बाजूला झुकली, गोलू दुसऱ्या बाजूला बसून गेट मोजत होता. अस्वलाजवळ बस थांबली तेव्हा तो उत्साहाने जोरजोरात हात झटकायला लागला. पुढच्या सीटवरच्या काकूंनी मागे वळून बघितलं. मी सवयीने सफाई द्यायला तोंड उघडलं, तर त्या म्हणाल्या, "आवडलं वाटते त्याले!" आणि परत पुढे बघायला लागल्या. बस्स.

उतरल्यावर त्यांनीच आमचा फोटो काढून दिला. गोलू कॅमेऱ्याकडे बघत नाहीये, बाबांचे डोळे मिटलेत, माझा अर्धा चेहरा उन्हात. पण मोजले तर चार!

निघण्याआधी... हे करून बघा

• सुट्टीचा वार टाळा. गेट उघडताना पोचा, गर्दी वाढायच्या आत निघा. दोन तासांचा चांगला दिवस आठ तासांच्या ओढाताणीपेक्षा बरा.

• आधी फोन करा. रांगेऐवजी बसायची सोय, शांत कोपरा, स्पीकरपासून लांबची जागा यांबद्दल स्पष्ट विचारा. यूडीआयडी कार्ड जवळ ठेवा, तिकिटात सवलत आहे का तेही विचारून घ्या.

• फोटो किंवा चित्रं दाखवून दिवसाचा क्रम समजवा. त्यात वाट बघणंही दाखवा.

• हेडफोन, ओळखीचा खाऊ, आवडती वस्तू आणि कपड्यांचा एक जास्तीचा जोड बॅगेत असू द्या. मुलाच्या खिशात घरच्यांचा फोन नंबर हवाच.

• भावंडालाही विचारा, 'तुला काय करायचंय?' आणि ते त्याच दिवशी करा.

• पार्कवाल्यांनो, टोकन देऊन परत बोलवा आणि आठवड्यातली एक सकाळ स्पीकर बंद ठेवा. यासाठी नवी राइड आणावी लागत नाही.

• आणि रांगेत आमच्या पुढे-मागे उभ्या असलेल्या तुम्हा सगळ्यांसाठी : कुणी मोठं पोर खाली बसून किंचाळत असेल, तर सल्ला नको, व्हिडिओ तर अजिबात नको. 'तुम्ही आधी जाता का?' एवढं विचारा. पाच मिनिटं उशीर होईल तुम्हाला. आत मात्र एक अख्खं कुटुंब जाईल.