मूत्रपिंड अशक्त असताना मणक्याचे ऑपरेशन

कंबर दुखू लागली की आपल्याकडे पहिला उपाय ठरलेला असतो. बाम चोळायचा, शेक घ्यायचा आणि कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून दुखण्याची गोळी आणायची. पण घरातल्या वडीलधाऱ्यांना मूत्रपिंडाचा जुना विकार असेल, तर हीच गोळी घातक ठरू शकते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांमुळे मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटतो आणि उरलीसुरली कार्यक्षमताही खालावते.

अशा रुग्णाची मणक्यातील नस दबली आणि डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली, तर घरची मंडळी हादरतात. 'डायलिसिसवरच्या माणसाला ऑपरेशन झेपेल का?' हा प्रश्न स्वाभाविक आहे. धोका इतरांपेक्षा जास्त असतो, हे खरे. पण योग्य पूर्वतयारीने तो बराच कमी करता येतो.

थांबावे की नाही?

केवळ दुखणे असेल, तर आधी औषध, व्यायाम आणि विश्रांतीचा मार्ग धरला जातो. मात्र पायातील ताकद झपाट्याने कमी होत असेल, बैठकीचा भाग बधिर झाला असेल किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला असेल, तर एक दिवसही दवडू नका. लघवी होत नाही म्हणून दोष मूत्रपिंडाला देऊन स्वस्थ बसू नका. कारण मणक्यातही असू शकते. डायलिसिसच्या रुग्णाला पाठदुखीबरोबर ताप येत असेल, तर मणक्यात जंतुसंसर्ग झाल्याची शंका घ्यावी लागते.

पूर्वतयारी

मणक्याचे सर्जन, मूत्रपिंडतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ या तिघांनी मिळून बेत आखायला हवा. नियोजित शस्त्रक्रिया सहसा डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी ठेवतात. त्यामुळे अंगातील जादा पाणी आणि पोटॅशियम आटोक्यात असते. पोटॅशियम वाढले, तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

मूत्रपिंडाच्या विकारात रक्तातील प्लेटलेट नीट काम करीत नाहीत, म्हणून रक्तस्राव जास्त होतो. रक्तही कमी असते. पण पुढे मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण करायचे असेल, तर गरज नसताना रक्त चढवणे टाळतात. परके रक्त घेतल्याने शरीरात तयार होणारी प्रतिद्रव्ये नंतर दात्याचे मूत्रपिंड जुळण्यात अडथळा आणतात.

हाडेही ठिसूळ झालेली असतात. त्यामुळे मणक्यात बसवलेले स्क्रू सैल होण्याची भीती असते. म्हणून कॅल्शियम, फॉस्फरस, ड जीवनसत्त्व आणि पॅराथायरॉइड संप्रेरकाची तपासणी महत्त्वाची ठरते.

शस्त्रक्रियेनंतर

पहिल्या डायलिसिसमध्ये रक्त पातळ करणारे हेपॅरिन शक्यतो वापरत नाहीत, नाहीतर जखमेत रक्त साचून नसांवर दाब येऊ शकतो. वेदनेसाठी पॅरासिटामॉल ठरलेल्या प्रमाणात चालते. मॉर्फिनचे घटक मात्र शरीरात साठून राहतात आणि रुग्णाला गुंगी येते. गॅबापेंटिनचा डोसही कमी करावा लागतो.

घरच्यांनी काय करावे?

सर्व औषधांची यादी आणि मागचे रिपोर्ट एकाच फाइलमध्ये ठेवा. ज्या हातावर फिस्टुला आहे, त्या हाताचा रक्तदाब घेऊ देऊ नका, त्यात सुई किंवा सलाइन लावू देऊ नका. एमआरआय किंवा स्कॅनच्या वेळी 'मूत्रपिंडाचा त्रास आहे' हे आधीच सांगा, कारण त्यासाठी टोचली जाणारी काही द्रव्ये अशा रुग्णाला अपायकारक असतात. आणि शेजाऱ्याने सुचवलेली गोळी, काढा किंवा भस्म मूत्रपिंडतज्ज्ञाला विचारल्याशिवाय देऊ नका.

रुग्ण पुन्हा स्वतःच्या पायांवर उभा राहण्यात सर्जनच्या कौशल्याइतकाच घरच्यांच्या या दक्षतेचाही वाटा असतो.