फ्लॅट विकायला काढलाय? डागावर कॅलेंडर लावण्याआधी हे वाचा

पितृपक्ष संपला की पुण्या-ठाण्यातल्या जुन्या सोसायट्यांमध्ये एजंटचे फोन वाजायला लागतात. "पार्टी आलीये, अर्ध्या तासात फ्लॅट दाखवता येईल का?" मग घरात एकच धावपळ. कपड्यांचा स्टँड बेडरूममध्ये जातो, चपला पलंगाखाली जातात आणि हॉलमधल्या ओलीच्या डागावर कॅलेंडर चढतं.

हे कॅलेंडर महागात पडू शकतं.

रीसेल फ्लॅट बघायला आलेला माणूस आधी ओल शोधतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास भिंती पुरत्या वाळलेल्या नसतात. त्यावर घाईघाईने पुट्टी आणि रंग मारला, तर थोड्याच दिवसांत पोपडे सुटतात, पांढरे क्षार बाहेर येतात. शिवाय तीन भिंती जुन्या आणि एकच ताजी रंगवलेली दिसली, की जाणकाराला काय ते कळतं.

लपवलं तर काय होतं?

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ इथे लागू होतं. मालमत्तेत किंवा तिच्या मालकी हक्कात मोठा दोष आहे, विकणाऱ्याला तो माहीत आहे आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही तो सापडणार नाही, तर विकणाऱ्याने तो सांगायला हवा. न सांगणं हे कायद्याच्या भाषेत फसवणुकीत मोडतं. प्रत्येक डाग कोर्टात जाईल असं नाही. पण टोकन घेतल्यावर गळती उघड झाली, तर भाव पडतो किंवा व्यवहारच मोडतो.

म्हणून आधी पाणी कुठून येतंय ते शोधायचं. गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून पावसाचं पाणी झिरपत असेल, तर आदर्श उपविधींनुसार ती दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने होते. त्यासाठी सेक्रेटरींकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. वरच्यांच्या बाथरूममधून गळत असेल, तर त्यांच्याशी बोलण्याला पर्याय नाही. काम झालं की भिंत वाळू द्यावी, मगच रंग. वॉटरप्रूफिंगचं बिल जपून ठेवावं आणि आलेल्यांना आपणहून दाखवावं. नव्या रंगापेक्षा त्या बिलाने जास्त विश्वास बसतो.

बाकीची कामं एका रविवारात उरकतात. गळका नळ, न चालणारा फ्लश, अडकणारी कडी, गेलेले बल्ब. फोटो, शोपीस काढून घर कोरं करा, असा सल्ला परदेशी व्हिडिओंमध्ये सर्रास मिळतो. आपल्याकडे देवघर किंवा आजोबांचा फोटो बघून कुणी घर नाकारेल असं वाटत नाही. कपाटावर छतापर्यंत रचलेल्या बॅगा मात्र खोली लहान दाखवतात. आणि पाणी ठरावीक वेळेलाच येत असेल, तर ती वेळ खरी सांगावी. लोक नळ उघडून बघतातच.

"कार्पेट किती?"

हा प्रश्न येणारच. जुन्या करारनाम्यांत बऱ्याचदा बिल्टअप क्षेत्र लिहिलेलं असतं. रेरा कायद्याच्या व्याख्येनुसार कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. बाल्कनी हॉलमध्ये घेतली असेल तर ते स्पष्ट सांगावं. टेप घेऊन आधीच मोजलेलं बरं.

सोबत एक फाइल तयार हवी: आपला आणि आधीच्या मालकांचे करारनामे, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, मेंटेनन्स आणि मालमत्ता कराच्या ताज्या पावत्या. कर्ज चालू असेल तर मूळ कागद बँकेत असतात, तेव्हा झेरॉक्स आणि कर्जाचं स्टेटमेंट ठेवावं. फाइल दाखवायला हरकत नाही. पण पहिल्याच भेटीत कुणाला तिचे फोटो काढू देऊ नयेत, आधार-पॅनचे तर नाहीच. प्रती व्यवहार पक्का होत आल्यावर द्याव्यात, त्याही सही करून आणि कशासाठी दिल्या ते त्यावर लिहून.