गंजलेली मॅटाडोर: इंजिनवर भुलू नका, खाली वाकून बघा

१९६९ साली बजाज टेम्पो कंपनीने मॅटाडोर बाजारात आणली. नाव आणि मूळ आराखडा जर्मनीचा; पण लग्नाचे वऱ्हाड, शाळेची सहल, मंडईतला भाजीपाला वाहता वाहता ती इथलीच झाली आणि लोक कुठल्याही व्हॅनला मॅटाडोर म्हणू लागले. आज अशी एखादी गाडी गोठ्यामागे किंवा गॅरेजच्या आवारात गंजत उभी दिसते आणि ती पुन्हा रस्त्यावर आणावी असे कोणाच्या तरी मनात येते. ही इच्छा मोलाची आहे, म्हणूनच तिचा निर्णय चुकीच्या खुणांवर होऊ नये. सर्वांत फसवी खूण म्हणजे चालू होणारे इंजिन. बॅटरी लावली, सेल्फ मारला, धूर सोडत गाडी सुरू झाली की घेणारा मनातल्या मनात सौदा करून मोकळा होतो. वास्तविक जुन्या व्हॅनमध्ये इंजिन हा सोपा भाग असतो. गाडी वाचवण्याजोगी आहे की नाही, हे तिच्या तळाचा पत्रा ठरवतो.

इंजिन सोपे का, याचा पुरावा मॅटाडोरमध्येच आहे. १९८०च्या दशकात कंपनीने मर्सिडीज-बेंझच्या ओएम ६१६ या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला. याच घराण्याचे इंजिन पुढे कंपनीच्या ट्रॅक्स आणि ट्रॅव्हलर या गाड्यांमध्येही आले आणि ग्रामीण महाराष्ट्रात वर्षानुवर्षे धावले. त्यामुळे ते उघडलेले मिस्त्री आजही भेटतात आणि त्याच्या सुट्या भागांचा बाजारही टिकून आहे. त्याआधीच्या गाड्यांत इंजिन वेगळे असते. तिथे सुटे भाग शोधण्याची तयारी हवी. पण तेव्हाही इंजिन खाली उतरवता येते, टेबलावर खोलता येते आणि काम सुरू करण्याआधी खर्चाचा अंदाज बांधता येतो. पत्र्याचे तसे नाही. रंग खरवडल्याशिवाय आणि कुजलेला भाग कापल्याशिवाय नुकसान किती, हे कळत नाही. आणि ते कळते तोवर पैसे गुंतलेले असतात.

दुसरा गैरसमज याला लागूनच आहे: गंज वरून आत जातो, म्हणून बाहेर दिसतो तेवढाच असतो. प्रत्यक्षात बॉडीचा सर्वांत घातक गंज आतून बाहेर येतो. लोखंडाला गंजायला पाणी आणि हवेतला प्राणवायू पुरेसा असतो. मीठ असेल तर वेग वाढतो. ॲल्युमिनियमवर बसणारा थर खालच्या धातूचे रक्षण करतो, पण लोखंडाचा गंज सच्छिद्र असतो. तो ओल धरून ठेवतो, मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापतो आणि जोडलेले दोन पत्रे एकमेकांपासून उचकटतो. गाडीच्या तळाशी उंबरठ्याचे आणि आडव्या पट्ट्यांचे भाग पत्रा वाकवून पोकळ पेटीसारखे केलेले असतात. त्यांना पाणी निथळण्यासाठी बारीक भोके असतात. चिखलाने ती बुजली की आत वर्षानुवर्षे ओल राहते. मॅटाडोरची ओढ पुढच्या चाकांवर होती, मागच्या चाकांपर्यंत शाफ्ट नेण्याची गरज नव्हती, म्हणून तिचा फ्लोअर खाली आणि सपाट ठेवता आला. सामान चढवायला ही मोठीच सोय. पण तोच फ्लोअर चिखल-पाण्याच्याही जवळ राहतो.

म्हणून पाहणी खालून सुरू करावी. गाडी खड्ड्यावर किंवा लिफ्टवर घ्या, पायपुसणी आणि रबरी मॅट उचला, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पेटीचे भाग ठोकत जा. धड पत्रा टणक आवाज देतो. कुजलेला भद्द वाजतो, पापुद्रे गळतात, आणि टोक दाबले तर आत शिरते. चाकांच्या कमानी, पायरी, दरवाजाची खालची कड, समोरच्या काचेच्या रबराखालचा कोपरा, बॅटरीची बैठक, स्टिअरिंग आणि सस्पेन्शन जिथे बॉडीला धरतात ते भाग एकेक करून बघा. बाहेरून रंग गुळगुळीत असेल तिथे पातळ कापडात गुंडाळलेला लोहचुंबक फिरवा. तो चिकटत नसेल तिथे लोखंडाऐवजी पुट्टीचा जाड थर आहे. दरवाजा उघडताना खाली लोंबत असेल किंवा वरची फट रुंद आणि खालची अरुंद असेल, तर बिजागरीबरोबर खांबाचीही शंका घ्यावी.

गंजावर रसायन मारले की प्रश्न मिटतो, हाही समज पक्का रुजलेला आहे. फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्लाचे हे द्रव वरवरच्या गंजाचे तुलनेने स्थिर संयुगात रूपांतर करतात, आणि तेवढ्यापुरते ते उपयोगी आहेत. पण खाऊन गेलेली जाडी ते परत आणत नाहीत. बाहेरचा पत्रा मुळातच जेमतेम एक मिलिमीटरचा. त्यातला अर्धा गेला की उरलेल्यावर वेल्डिंगसुद्धा धरत नाही, नुसते भोक पडते. ओल्या गंजावर डांबरी कोटिंग फासणे तर त्याहून वाईट, कारण ओल आत कोंडली जाते आणि पुढच्या तपासणीत काहीच दिसत नाही. खरा उपाय एकच: निरोगी पत्रा लागेपर्यंत कापायचे, त्याच जाडीचा नवा तुकडा जोडायचा आणि पोकळीत आतूनही मेण किंवा गंजरोधक सोडायचे.

यावर कोणी म्हणेल, आपल्याकडचे डेंटर हातोडी आणि ठोकळ्यावर कुठलाही पत्रा घडवतात, मग अडचण काय? त्यांचे कसब खरेच थोर आहे. पण प्रश्न तासांचा आणि मापाचा आहे. उंबरठा कापण्यापूर्वी दरवाजाच्या चौकटीत आडवा आधार वेल्ड केला नाही, तर बॉडी खचते आणि नंतर एकही दरवाजा नीट बसत नाही. फोक्सवॅगनची टाइप टू व्हॅन अगदी गंजक्या अवस्थेतूनही उठते हे खरे, पण त्याचे कारण वेगळे आहे. १९५०पासून बनत आलेल्या या व्हॅनचे उत्पादन ब्राझीलमध्ये २०१३पर्यंत चालू होते, आणि तिच्या बॉडीचे जवळजवळ सगळे तुकडे आजही नवे बनवून विकले जातात. तिला गिऱ्हाईकही जगभर आहे. तिच्या लिलावाचे आकडे बघून मॅटाडोरचा हिशेब मांडणे चूक आहे. इथे प्रत्येक तुकडा हाताने घडवावा लागेल, आणि लावलेले पैसे विक्रीतून निघतील असे गृहीत धरू नये.

कागदांबद्दलचा गैरसमज महाग पडतो. पन्नास वर्षे झाली की व्हिंटेज नोंदणी करून गाडी रोज फिरवता येते, असे अनेकांना वाटते. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार नव्या व्हिंटेज नोंदणीला २०,००० रुपये शुल्क आहे, ती दहा वर्षे चालते आणि नंबरात व्हीए ही अक्षरे येतात. पण अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी नसते. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल अशा ठरावीक कामांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. शिवाय चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशीही अट आहे. पंधरा वर्षांपुढची खासगी गाडी भंगारातच जाते, हेही खरे नाही. फिटनेस मिळाला तर नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. मात्र आरटीओच्या कामात चेसी नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा लागतो. गंजाने तो आकडा खाल्ला असेल किंवा डेंटरने तोच तुकडा कापून टाकला असेल, तर इतर सगळे काम उत्तम होऊनही गाडी कागदावर अडकते.

याचा अर्थ लालसर दिसणारी प्रत्येक व्हॅन भंगारात द्यावी, असा मुळीच नाही. कोरड्या सोलापुरात उघड्यावर उभी राहून छतभर तांबूस झालेली गाडी, खाऱ्या वाऱ्यात छपराखाली चकचकीत ठेवलेल्या रत्नागिरीच्या गाडीपेक्षा खूपदा जास्त धडधाकट निघेल. छताचा आणि बाजूचा वरवरचा गंज घासून जातो. दरवाजा दुसऱ्या गाडीचा मिळतो. तळाच्या पेट्या, खांब आणि सस्पेन्शनच्या जागा धड असतील, आरसी हातात असेल आणि चेसी नंबर वाचता येत असेल, तर बंद इंजिनाची मॅटाडोरसुद्धा जरूर घ्या. तळ चहूबाजूंनी कुजलेला असेल, तर चालू इंजिनाची गाडीही सोडा. किंवा दुसऱ्या धड मॅटाडोरसाठी सुटे भाग म्हणून, तेवढ्याच किमतीला घ्या.