तांबड्या खारीचे रक्षण आणि लोकसहभाग

परिसर अभ्यास शिकविताना ‘वन्यप्राण्यांचे रक्षण करावे’ हे वाक्य विद्यार्थ्यांच्या वहीत सहज उतरते. परंतु ते रक्षण कोणी, कसे आणि किती काळ करावयाचे, हे पाठात क्वचितच सांगितलेले असते. विचारले असता ‘सरकारने’ असे उत्तर मुले देतात. ते अपुरे का आहे, हे समजावून देण्यास ब्रिटनमधील तांबड्या खारीचा वृत्तान्त उपयोगी पडेल.

तांबडी खार ही ब्रिटनमधील मूळची खार होय. तिचे वजन सुमारे ३०० ग्रॅम असते. १८७६ साली चेशर परगण्यातील हेन्बरी येथील उद्यानात उत्तर अमेरिकेतील करड्या खारी सोडण्यात आल्या. पुढे अनेक जमीनदारांनी आपापल्या बागांत शोभेकरिता त्या सोडल्या. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. परिणाम मात्र घातक झाला. करडी खार वजनाने जवळजवळ दुप्पट असते. ओक वृक्षाची फळे तिला अधिक चांगली पचतात, त्यामुळे एकाच रानात तिला अन्न पुरते व तांबडीला अपुरे पडते. शिवाय देवीच्या कुळातील एक विषाणू करड्या खारी अंगावर वागवितात. त्यांना त्याचा उपद्रव सहसा होत नाही. तांबडी खार मात्र त्याने बहुधा दोन आठवड्यांच्या आत मरते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार ब्रिटनमध्ये तांबड्या खारी सुमारे २ लाख ८७ हजार, तर करड्या सुमारे २७ लाख होत्या. तांबड्यांपैकी बहुसंख्य स्कॉटलंडमध्ये असून इंग्लंड व वेल्सच्या बऱ्याचशा भागांतून त्या नाहीशा झाल्या आहेत.

कायदे झाले नाहीत असे नाही. १९३७ साली करडी खार आणण्यास व पाळण्यास मनाई झाली. १९८१ च्या कायद्याने तांबडीस संरक्षण मिळाले. परंतु कोणत्या रानात कोणती खार आहे, हे ठाऊक असल्यावाचून उपाय योजता येत नाहीत, आणि प्रत्येक झाडावर नजर ठेवणे कोणत्याही खात्यास शक्य नाही. हे काम तेथील सामान्य नागरिकांनी अंगावर घेतले. खार दिसताच ते स्थळ व दिनांक कळवितात. काही स्वयंसेवक रानात खाद्याच्या पेट्या ठेवतात. पेटीतील चिकट पट्टीस लागलेले केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहून खारीची जात ओळखली जाते. रोग पसरू नये म्हणून या पेट्या स्वच्छ ठेवण्याची दक्षताही तेच घेतात.

वेल्समधील अँगलसी या बेटावर १९९८ साली तांबड्या खारी सुमारे चाळीसच उरल्या होत्या. त्या वर्षी करड्या खारी हटविण्याचे काम सुरू झाले, काही रानांत तांबड्या पुन्हा सोडण्यात आल्या आणि २०१३ पर्यंत बेट करड्या खारींपासून मुक्त झाले. तांबड्यांची संख्या आता काही शेकड्यांवर गेली आहे. तरीही सामुद्रधुनीपलीकडून करड्या खारी पुन्हा येऊ शकतात; म्हणून पहारा थांबविता येत नाही.

येथे एक कठीण प्रश्न उभा राहतो. करड्या खारी पकडून माराव्या लागल्या, ही गोष्ट मुलांपासून लपवू नये. ‘तिचा काय अपराध?’ असे एखादे मूल विचारीलच. अपराध तिचा नाही, तिला तेथे नेणाऱ्या माणसाचा आहे, आणि अविचाराची किंमत मुक्या प्राण्याने मोजली, हे स्पष्टपणे सांगावे. ब्रिटनमध्येही या उपायास अनेकांचा विरोध आहे, आणि करड्या खारींची वीण औषधाने रोखता येईल काय, याचे संशोधन चालू आहे. मुलांना दोन्ही बाजूंचा विचार करू द्यावा.

आपल्याकडील स्थिती निराळी आहे. अंगणात दिसणारी पट्ट्यांची खार येथलीच आहे. तिला त्रास देण्याचे कारण नाही. आपला राज्यप्राणी शेकरू हा झाडावरून झाडावर जाणारा असल्याने, त्याला मुख्य भय आहे ते झाडांची सलग छाया तुटण्याचे. म्हणून तेथील उपाय नव्हे, तर तेथील पद्धती घ्यावी.

भीमाशंकरसारख्या शेकरूच्या परिसरातील शाळांनी शेकरूची, इतरांनी गावातील एखाद्या पक्ष्याची वा प्राण्याची नोंदवही ठेवावी. तीत दिनांक, वेळ, स्थळ व पाहणाऱ्याचे नाव असावे. ऐकीव माहिती लिहू नये. शोधूनही प्राणी न दिसल्यास तेही लिहावे, कारण तीही नोंदच होय. घरट्यांजवळ जाऊ नये, प्राण्यास खाऊ घालू नये. वर्षअखेरीस नोंदींची प्रत वनरक्षकास द्यावी.

अशा नोंदीचे मोल एका वर्षात दिसत नाही. म्हणून शिक्षकाची बदली झाल्यास हजेरीपत्रकासोबत ही नोंदवहीही पुढील शिक्षकाच्या हाती सोपवावी.